वाराला एक

पहिल्याच दिवशी पट्टणशेट्टी मॅडमनी माझा स्टेथोस्कोप
टेबलाच्या खणात ठेवून दिला.
"एम.डी. झालीस, बरं झालं. आता हात लावायला शिक."

अठ्ठावीस सांधे मोजायचे.
खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे दोन-दोन,
उरलेले वीस बोटांचे.
डोळे मिटून चाचपायचं: कणीक लागली तर सूज,
खडा लागला तर हाड, वयाचं.
पावलं या मोजणीत नाहीत.
"मग चालतं कोण?" मी विचारलं.
"म्हणून तर," त्या म्हणाल्या, "आधी चपला काढायला सांग."

बेळगावातली ती ओपीडी, पाटी दोन लिप्यांत,
बाकावर चिक्कोडी, संकेश्वर, खानापूर, गोकाक
एकमेकांच्या मांडीला मांडी लावून.
कुणी म्हणे ठणका, कुणी सळक,
कुणी म्हणे हात भरून येतात,
कुणी नुसतंच म्हणे 'ब्यानी'
आणि हात पुढं करी, जसा उसना दिलेला परत मागावा.
मी वहीत सगळे शब्द उतरवून घेतले.
मॅडमनी वही पाहिली. "छान. आता प्रत्येकीपुढं मिनिटं लिही.
सकाळी उठल्यावर ताठा किती वेळ?"

मिनिटं कुणाकडेच नव्हती.
दुधाची गाडी येईपर्यंत.
दुसरी घागर चुलीवर चढेपर्यंत.
वडगावच्या एका विणकरानं सांगितलं,
"शेजारचा माग सुरू होतो, मी ऐकत बसतो.
त्याचं वीतभर कापड होतं, मग माझी मूठ वळते."

एकदा व्याख्यानात मी बोलून गेले,
हा रोग म्हणजे शरीर आपल्याच माणसांना परकं समजतं,
आपल्याच घरावर चालून जातं...
"हा दाखला," मॅडम म्हणाल्या, "या जिल्ह्यात देऊ नकोस."
आणि पुढची स्लाइड लावली.

फुलाबाई कुंभोजे निपाणीच्या. चाळीस वर्षं विड्या वळलेल्या.
अंगठा अजून हवेत पान फिरवत होता.
मी गोळी लिहिली. लहान, पिवळी.
आणि इथल्या बोलीत, जरा ऐटीतच, समजावलं,
"वाराला एक. विसरायचं नाही."
कानडीत वार म्हणजे आठवडा. आमच्या खानापुरात
दोन्ही भाषा एकाच तोंडात राहतात, मला काही खटकलं नाही.
फुलाबाईंच्या मराठीत वार सात होते.
सोमवार एक. मंगळवार एक.
त्या विसरल्या नाहीत.

बाराव्या दिवशी आल्या त्या लेकाच्या खांद्यावर.
तोंड आतून सोललेलं, पाणीसुद्धा गिळवेना,
रिपोर्टात पेशी तळाला गेलेल्या.
आठ रात्री वॉर्डात. मी घरी गेले नाही.
मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
त्या फक्त केसपेपरावर बोट ठेवून उभ्या राहिल्या,
जिथं माझ्या सुवाच्य अक्षरात सगळं बरोबर लिहिलेलं होतं.

तेव्हापासून माझ्याकडं एक वही आहे.
ती कुठल्या परीक्षेला आली नाही.
तिच्यात फक्त गावांची नावं, नि पुढं बाजाराचा दिवस.
"तुमचा बाजार कधी?"
"गुरुवारी."
"मग गोळी गुरुवारीच. पिशवी घेऊन निघताना.
बाजार नाही त्या दिवशी ती गोळी नाही.
परत सांगा बघू मला."
परत सांगेपर्यंत मी पेन उचलत नाही.

शेवटच्या वर्षी फुलाबाई आल्या, एकट्या, बसनं.
मी मूठ वळायला सांगितली. वळली.
माझी दोन बोटं आत धरून त्यांनी दाबली,
जरा जास्तच.
"सकाळचा ताठा किती वेळ?"
त्यांनी खिडकीकडं पाहिलं, आठवायला लागल्या,
मग ओशाळून म्हणाल्या, "आज बघायचं ध्यानातच राहिलं नाही, बाई."

पेन रकान्यावर थांबलं. शून्य लिहू?
मॅडम मागूनच गेल्या, न थांबता म्हणाल्या,
"म्हणाल्या तेच लिही.
आणि चपला?"